पागोळीबाहेरचे मालक

माझे घरमालक पहिल्यांदा फाटकाशी उभे राहून त्यांच्याच आवारात उतरण्याची परवानगी मला मागू लागले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर काही परिणाम झाला असावा असे मला वाटले. आणि माझ्या भिडस्त स्वभावाप्रमाणे मी ते त्यांना कळू दिले नाही. मागे बैलगाडी उभी होती. गाडीत भाता, ऐरण, घण, दोन मडकी, गुंडाळलेले पाल आणि मांडीवर विस्तवाचे घमेले घेतलेली त्यांची बायको, एवढा सगळा संसार होता. त्याच सकाळी हा संसार माझ्या खिडकीखालून उचलला गेला होता आणि त्याला निरोप देताना मी बऱ्यापैकी गहिवरलोही होतो.

"मास्तर," ते म्हणाले, "गावात नवीनच आलोय. दोन दिस आवारात उतरू काय?"

मी म्हणालो की घर आपलेच आहे, आपण असे विचारता हे बरे दिसत नाही.

त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिले. बायकोने मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितले, "नवीन हाय बिचारा. पुन्यांदा इचारा."

त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा संकोचाने तेच उत्तर दिले. असे बराच वेळ चालले. शेवटी शेजारच्या किराणा दुकानदाराने ओट्यावरून ओरडून मला समजावले की 'उतरा' एवढा एकच शब्द म्हणायचा असतो, तो म्हणा म्हणजे बैलांचे पाय मोडणार नाहीत. मी 'उतरा' म्हणालो. गाडी आत आली, आणि सकाळी आवाराच्या ज्या कोपऱ्यातून ऐरण उपटली होती त्याच्या पुढच्या कोपऱ्यात ती रोवली गेली.

ही गोष्ट युरोपातले महायुद्ध सुरू होण्यापूर्वीची. माझी बदली सुप्याच्या मराठी शाळेत झाली होती. त्या काळी सुप्याची बदली म्हटली की आप्तेष्ट पेढे मागत नसत, हिवतापावरच्या क्विनाइनच्या गोळ्या आणून देत. गावात राहण्याजोगी घरे थोडी होती आणि त्यांतले सर्वांत चांगले घर एका घिसाड्याचे आहे, असे मला कचेरीतल्या शिपायाने सांगितले. भिंती साध्या मातीच्याच, कौलेही साधीच, पण दारे-खिडक्यांच्या बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे असे होते की तसे मी त्यानंतर एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यातही पाहिले नाहीत. दार एका बोटाने ढकलावे आणि ते झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतक्या आवाजाने उघडावे. असे घर बांधणारा मनुष्य स्वतः मात्र बायको आणि नातीसह समोरच्या अंगणात, गाडीला टेकवलेल्या पालाखाली राहत असे.

गाव त्यांना अज्जा म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला अज्जी. मीही तेच म्हणू लागलो.

अज्जांच्या टोळीचे दोन नियम होते. पहिला असा की ऐरणीने एका जागी दोन अमावास्या बघायच्या नाहीत. बघितल्या तर तिला मुळे फुटतात आणि मग ती माणसालाही धरून ठेवते. दुसरा असा की आढ्याखाली निजणारा माणूस आपला राहत नाही. आगगाडी घाट चढून वर आली त्या काळात रुळांच्या कामावरच्या मजुरांच्या कुदळी-पहारींची झिजलेली टोके पुन्हा घडवून देताना अज्जांना या मुलखात बरीच वर्षे काढावी लागली, आणि त्याच काळात अज्जींनी घराचा हट्ट धरला. जन्मभर दुसऱ्यांच्या दारांना बिजागऱ्या ठोकल्या, एक दार आपले असू दे, असे त्यांचे म्हणणे. त्यांना त्यात राहायचे नव्हते. त्यांची मागणी एवढीच होती की मेल्यावर आपल्याला दारातून बाहेर न्यावे. पालाचा पडदा वर करून ओढून नेऊ नये. अज्जांनी बायकोचा शब्द पाळला आणि टोळीचाही पाळला. घर बांधले, आणि त्यात पाऊल टाकले नाही.

आठवड्यातून एकदा अज्जी तेलाची वाटी घेऊन आत येत. प्रत्येक बिजागरीला कापसाच्या बोळ्याने तेल लावीत, प्रत्येक दार एकदा उघडून एकदा लावीत, आणि न बसता निघून जात. मी पाट पुढे केला तर म्हणत, "नगं. सवय लागंल."

अज्जा मात्र पागोळीच्या रेघेच्या आत कधी आले नाहीत. कौलांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगणात एक चर पाडली होती; ती त्यांची सरहद्द. माझ्याशी बोलायचे असले की ते त्या चरीच्या पलीकडे उभे राहत आणि मी ओसरीवर. पावसाळ्यात सुप्याला पाऊस कसा पडतो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच या संभाषणांची कल्पना येईल. ते डोक्यावर इरले घेऊन धो धो पाण्यात उभे, मी कोरड्यात. आणि विषय बहुधा असा की मास्तर, आत अंधार असतो काय, आढे लई खाली वाटते काय, रात्री ते बोलते काय. लाकूड कधी कधी करकरते एवढे मी सांगितले. त्यावर त्यांनी इरले मागे सारून छपराकडे पाहिले.

एका पावसाळ्यात माझ्या खाटेवरचे कौल सरकले. घरमालकाला तक्रार सांगणे माझ्या जिवावर आले होते. खाट सरकवून पाहिली, पातेले ठेवून पाहिले, आणि मग नाइलाजाने ओसरीवर जाऊन खाकरलो. दुरुस्ती लगेच सुरू झाली. आढ्याखाली जाणे निषिद्ध असले तरी आढ्याच्या वर जाण्याला टोळीचा अटकाव नव्हता, त्यामुळे अज्जांची नात छपरावर चढली. ही मुलगी माझ्याहून वीतभर उंच होती आणि आजोबांच्या सांडशीतल्या तापल्या लोखंडावर घण मारण्याचे काम तीच करीत असे. कोणते कौल सरकले ते तिला वरून दिसेना, म्हणून मी आत उभा राहून काठीने खालून ठोकायचे असे ठरले. मी ठोकले. भोकातून तिचा चेहरा दिसला.

"मास्तर, तुमच्या डोक्यावर पाणी पडतंय."

मी होय म्हणालो.

"मग सरका की."

बाहेरून अज्जांनी विचारले की आत काय चालले आहे. नातीने सांगितले की मास्तर भिजत आहेत. अज्जा म्हणाले, "आत ऱ्हाऊन पण?" त्यांच्या आवाजात मला थोडे समाधान जाणवले.

माझ्याविषयी मात्र त्यांना एका कारणाने आदर होता. माझी बदली होते, हे ते कारण. मामलेदार, फौजदार, मास्तर हे सगळे त्यांच्या मते फिरस्तेच. फक्त कसब नसलेले, आणि सामान फार बाळगणारे. "तुमची जात वाईट न्हाई," असे त्यांनी मला एकदा आश्वासन दिले. "फकस्त उचलायला शिकलं पायजे." मग ते मला सामान बांधायला शिकवू लागले. अर्थात चरीच्या पलीकडून. त्यांचा एक सिद्धान्त असा होता की उचलताना जे आठवत नाही ते आपले नव्हे. ते मागे ठेवून निर्धास्त जावे. या सिद्धान्तानुसार मी एकदा सराव म्हणून सामान बांधले, तेव्हा शाळेची घंटा माझ्या ट्रंकेत आणि माझी धोतरे दोरीवर राहिली. नात दोन दिवस हसत होती.

पण अज्जांचे खरे वैभव पाहायचे तर अमावास्येला. सकाळीच पाल खाली येई. अज्जी रितीप्रमाणे रडत. रडता रडता मडकी बांधीत आणि मध्येच डोळे पुसून नातीला दोरीची गाठ चुकल्याचे सांगत. गावातले लोक विळे-कोयते घेऊन धावत येत, कारण अज्जा 'जाणार' म्हटल्यावर धार आजच लावून घ्यायला हवी. दुकानदाराची बायको गुळाचा खडा हातावर ठेवी. डोंगरातून बाजाराला आलेले कुणबी गाडीला वाट देत आणि विचारीत, "अज्जा, आता कुठं?"

"बैल न्हेतील तिकडं," अज्जा म्हणत.

हे त्यांच्या बापजाद्यांचे उत्तर होते. गाव सोडताना कासरा हातात धरायचा नाही. बैल ज्या वाटेला लागतील ती आपली वाट, अशी टोळीची रीत. अज्जा कासरा मोकळा सोडून आभाळाकडे बघत बसत. बैल फाटकातून निघत, पिंपळाशी नदीकडे वळत, नदीकाठाने कचेरीच्या मागून बाजारात येत, आणि दुपारच्या आत पुन्हा माझ्या फाटकाशी उभे राहत. तिथे अज्जा खाली उतरत, अनोळखी माणसाने आणावा तसा चेहरा आणत आणि मला विचारत. मी 'उतरा' म्हणे. चार कोपऱ्यांपैकी पुढच्या कोपऱ्यात ऐरण रोवली जाई. या सगळ्यात फसवणूक आहे असे त्यांना कधी वाटले नाही, आणि काही महिन्यांनी मलाही वाटेनासे झाले. ऐरणीने दोन अमावास्या एका जागी पाहिल्या नव्हत्या, ही गोष्ट तर निर्विवाद होती.

निर्विवाद नव्हती असे मानणारेही लोक होते, हे पुढे कळले.

नातीचे लग्न खानापूरकडच्या एका टोळीत ठरले होते. मुलगा तिने जत्रेत पाहिला होता, आणि त्याचा घण आपल्यापेक्षा हलका असला तरी माणूस बरा आहे, असे तिने मला सांगितले होते. मग कोणीतरी मुलाकडच्यांच्या कानांवर घातले की म्हाताऱ्याने घर बांधले आहे, म्हातारा बसका झाला, एका जागी रुजला. एके दिवशी दुपारी चार-पाच गाड्या धुरळा उडवीत आल्या आणि नदीकाठी सुटल्या. पंच आले होते. म्हातारा बसका ठरला तर लग्न मोडणार होते, आणि तेवढ्यावर थांबणार नव्हते. अज्जांना जातीबाहेर काढले की त्यांच्या पालाशी कोणी गाडी सोडणार नव्हते आणि पुढेमागे त्यांना खांदा द्यायलाही कोणी येणार नव्हते.

पंच आमच्या आवारात फणसाखाली बसले. थोरले पंच चांगले जाडजूड होते आणि त्यांच्या गाडीत एक लोखंडी पलंग, एक आरसा आणि भिंतीवरचे घड्याळ होते. नात ते पाहून आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ह्यांच्या गाडीत घर हाय, मास्तर. आमच्या घरात निदान मास्तर तरी हाय."

मला साक्षीला बोलावले होते. मी माझ्या नेहमीच्या रितीने एका कडेला, दोन्ही हात कुठे ठेवावेत याचा विचार करीत उभा होतो.

घर कोणाचे, असे थोरल्या पंचांनी विचारले. अज्जा म्हणाले की मास्तरांचे; आत तेच राहतात, आत काय आहे ते मी पाहिलेलेही नाही. मग बांधले कोणी? अज्जा म्हणाले, "मी. गवंडी पण बांधतोय की. त्याची व्हत्यात काय सगळी?" पंचांत थोडी कुजबुज झाली. भाडे कोण घेते, हा प्रश्न आल्यावर अज्जांनी बायकोकडे बोट दाखवले. अज्जी म्हणाल्या की ते घराचे नव्हे, बिजागऱ्यांचे. त्यांना तेल लागते.

थोरल्या पंचांनी तंबाखू तळहातावर घेतली. "बोलण्यात न्हाई ऐकायचा हा," ते म्हणाले. "व्हय रं, फिरस्ता हायस न्हवं? मग ऊठ. आत्ता नीघ. मी बसतो संगट गाडीत."

ही शिक्षा अज्जांना प्रसादासारखी वाटली असावी. दर महिन्याचा सराव होता. पंचांची तंबाखू मळून होईपर्यंत पाल गुंडाळले गेले, नातीने आणि अज्जांनी ऐरण उचलून गाडीत घातली, अज्जींनी रडणेदेखील आटोपते घेतले. थोरले पंच गाडीत चढताना कण्हले, पण त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसू लागले होते.

"कुठं?" त्यांनी विचारले.

"बैल न्हेतील तिकडं."

पंचांनी मान डोलावली. त्यांच्या बापाचेही हेच उत्तर असणार. गाडी घुंगरे वाजवीत फाटकाबाहेर पडली आणि हल्याळच्या वाटेला लागली. मागे राहिलेले पंच एकमेकांना म्हणू लागले की म्हाताऱ्यावर उगाच बालंट आणले. मी फणसाखाली उभा होतो, आणि बैल पिंपळाशी कोणत्या बाजूला वळतात हे त्या आवारात फक्त मलाच ठाऊक होते.

पुढचे मला नातीने सांगितले. बैल पिंपळाशी नदीकडे वळले. पंच म्हणाले, असेल, पाणी पाहिजे असेल. बैल पाण्याला न थांबता कचेरीच्या मागे गेले. पंचांनी मागे वळून नदीकडे पाहिले. बाजारात दुकानदाराच्या बायकोने गडबडीने गुळाचा खडा आणला आणि अत्यंत आपुलकीने विचारले, "अज्जा, ह्या महिन्याला लवकर?" त्यानंतर गाडीत कोणीच कोणाकडे पाहत नव्हते.

जी घुंगरे समोरच्या रस्त्याने गेली होती ती घराच्या मागल्या बाजूने ऐकू येऊ लागली, तेव्हा आवारातले पंच उठून उभे राहिले. गाडी फाटकाशी आली. बैल आपण होऊन थांबले आणि त्यांनी अशा कृतार्थ नजरेने पाहिले की जणू साक्ष त्यांचीच होती. थोरले पंच घामाघूम झाले होते. अज्जा खाली उतरले. दुसरे काय करावे हे त्यांना सुचले नसावे, ते फाटकाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, गावात नवीनच आलोय. दोन दिस आवारात उतरू काय?"

माझ्या ओठांवर 'उतरा' आले होते.

"थांबा," थोरले पंच गाडीतून म्हणाले. "मास्तर, ह्यो दर खेपेला असं इचारतो?"

मी हो म्हणालो.

"कवा न्हाई म्हटलंय तुम्ही?"

मी नाही म्हणालो. आणि त्याचा अर्थ निघेना म्हणून पुन्हा सांगितले की मी कधी नकार दिलेला नाही.

"मग ह्याला ठाव हाय तुम्ही व्हय म्हणणार. ते इचारणं कसलं?" पंचांचा आवाज चढला नव्हता, ते थकल्यासारखे बोलत होते. "आमी गावच्या शिवंवर उभं ऱ्हाऊन पाटलाला इचारतो, तवा पोटात गोळा येतोय. पोरं उपाशी असत्यात, बैल दमल्यालं असत्यात, आणि पाटील न्हाई म्हणू शकतो. म्हणतोच. फिरस्ता म्हंजे ते. तू लेका कवा तरी भ्यालायस काय?"

अज्जांनी मान खाली घातली. नात गाडीच्या मागे उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. एरवी तिच्या नजरेत माझ्यासाठी नेहमी एखादा टोमणा तयार असे. त्या वेळी तो नव्हता.

मी जन्मात कोणाला नाही म्हणालो नव्हतो. नको असलेले फणस मी विकत घेत असे, कारण विकणारी बाई माझ्याकडे पाहत असे. ते शब्द मी उच्चारले हे मला बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून समजले.

"जागा नाही."

"आँ?" अज्जा म्हणाले.

"आज आवारात जागा नाही," मी म्हणालो. "पुढे जा."

अज्जांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्यांना ते खरे वाटले होते. आपल्याच फाटकाशी, आपण ठोकलेल्या कडीवर हात ठेवून, ते क्षणभर एखाद्या परक्या गावाच्या वेशीवर उभे होते. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, रितीप्रमाणे मला 'बरं मालक' म्हटले आणि बैल वळवायला घेतले.

बैल वळेनात. त्यांना या फाटकाशी आजपर्यंत कोणी नाही म्हटले नव्हते. अज्जांनी शेपट्या पिरगाळल्या, नातीने जू ढकलले, अज्जींनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी सगळे पंच बाहेर येऊन चाकांना लागले, आणि थोरल्या पंचांना पहिल्यांदाच गाडीतून उतरून घाम गाळावा लागला. अशा रीतीने जातपंचायतीने म्हाताऱ्याला स्वतःच्या हातांनी त्याच्या घरापासून दूर नेले. त्या दिवशी अज्जांचे पाल नदीच्या वाळूत पडले.

निवाडा तिथेच झाला. ज्याला हुसकावता येते तो आपला, असे थोरले पंच म्हणाले. अज्जींनी त्याच बैठकीत आपल्या दाराचे विचारून घेतले. उद्या आढ्याखाली जायची वेळ आली तर काय? थोरल्या पंचांनी तंबाखू थुंकली. "इचारून गेला तर पाव्हणा," ते म्हणाले. "न इचारता गेला तर गेला."

दुसऱ्या दिवशी मी क्षमा मागायला वाळूत गेलो. अज्जा अतिशय प्रसन्न होते. त्यांनी सांगितले की त्यांच्या वडलांना एकदा एका गावाने भर पावसात हाकलले होते आणि ती गोष्ट ते मरेपर्यंत अभिमानाने सांगत. आपल्याला मात्र सांगण्यासारखे काही नव्हते. आता झाले. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी ऐकेल त्याला ऐकवले की मालक भेटावा तर असा, तोंडावर न्हाई म्हणणारा. गावात माझ्याविषयी एक प्रकारचा दरारा निर्माण झाला. फणसवाली त्यानंतर माझ्याकडे फिरकली नाही, आणि त्याचे मला थोडे वाईट वाटले.

लग्न वाळूतच झाले. नात निघताना माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, म्हाताऱ्याला लई सवय लावू नगा. अधनंमधनं हाकलत जावा."

मला ते पुन्हा जमले नाही. पण एक गोष्ट बदलली होती. अमावास्येला अज्जा फाटकाशी येऊन विचारीत, आणि माझे उत्तर येईपर्यंतच्या त्या क्षणात आता ते खरोखर थांबत.

पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस अज्जींना हिवताप आला. सुप्याचा ताप म्हणजे थट्टा नव्हती. दवाखान्यातून क्विनाइन आणले, ते त्यांनी कडू म्हणून अज्जांच्या अंगावर थुंकले. मग एका सकाळी त्या अज्जांना म्हणाल्या की आता मला आत न्या. दारातून बाहेर जायचे तर आधी आत असायला हवे, हा हिशेब त्यांनी बहुधा घर बांधले तेव्हाच करून ठेवला होता. अज्जांच्या तो ध्यानात आला नव्हता.

मी शाळेला निघालो होतो. अज्जा घोंगडीत गुंडाळलेली बायको दोन्ही हातांवर घेऊन चरीच्या पलीकडे उभे होते. चरीतून पाणी वाहत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "गावात नवीनच आलोय." त्यांनी घोंगडी वर सावरली. मग म्हणाले, "दोगंबी हाय. आत येऊ काय?"

ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी त्यांना एकदा नाही म्हटले होते; आणि ते केवळ पंचांसाठी होते, हे त्या क्षणी त्यांना ठाऊक नव्हते, किंवा आठवत नव्हते. पोटात गोळा येणे म्हणजे काय ते मी त्या दिवशी समोरून पाहिले, आणि दुसऱ्याच्या दाराशी उभे राहण्याइतकेच दारात उभे राहणेही अवघड असते हे मला कळले.

"या," मी म्हणालो. "सावकाश या. उंबरा उंच आहे."

त्यांनी चर ओलांडली. उंबऱ्यावर ते थांबले, दाराच्या वरच्या बिजागरीकडे पाहून त्यांनी मान हलवली, आणि आत आले. अज्जींना माझ्या खाटेवर निजवले. अज्जा जमिनीवर भिंतीला पाठ न लावता बसले आणि त्यांनी जी मान वर केली ती आढ्यावरून हलवली नाही. जेवायला दिले तर घास तोंडात घालतानाही डोळे वर. आढे पडणार नाही, असे मी त्यांना सांगितले. "पडणार न्हाई ते ठाव हाय," ते म्हणाले, "मीच बसवलंय. पर ते बघतंय."

अज्जी गेल्या नाहीत. क्विनाइन थुंकायला अंगणासारखी सोय आत नव्हती, म्हणून असेल, पण औषध पोटात गेले आणि ताप उतरला. एके दुपारी मी शाळेतून परतलो तर त्या खाटेवर उठून बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला, दाराशी गेल्या, दार लावले, कान देऊन ऐकले, उघडले, आणि उंबरा ओलांडून आपल्या पायांनी बाहेर पडल्या. चरीपलीकडे जाऊन त्यांनी मागे वळून पाहिले.

"निघाले दारातनं," त्या म्हणाल्या. "झालं. आता मरण येईल तवा कुठनं बी न्या. खालची बिजागरी करकरती, तेल लावा."

अज्जा अजून आतच बसले होते. ते उठत का नाहीत हे मला कळेना.

"मास्तर," ते म्हणाले, "निघू काय?"

मी निघा म्हणालो. ते बाहेर आले, चर ओलांडली, आणि कितीतरी दिवस रोखून धरल्यासारखा श्वास सोडून त्यांनी वर आभाळाकडे पाहिले. "हाय तिथंच हाय," ते म्हणाले.

अमावास्येला अजून अवकाश होता, तरी त्यांनी लगेच पाल खाली ओढले. आढ्याखाली बसल्यामुळे अंगाला लागलेले काय असेल ते वाटेत सांडायला हवे होते. अज्जी रडल्या आणि मडकी बांधू लागल्या. गाडी फाटकाबाहेर पडली, पिंपळाशी नदीकडे वळली. मी ओसरीवर माझ्या वह्या तपासीत बसलो.

बऱ्याच वेळाने घराच्या मागल्या बाजूने घुंगरे ऐकू आली. मी उठून फाटकाशी जाऊन उभा राहिलो. अज्जा खाली उतरले, त्यांनी चेहरा अनोळखी केला आणि मला विचारले. मी लगेच उत्तर दिले नाही. तेवढा मान त्यांना द्यायलाच हवा होता. ते वाट पाहत राहिले, मी विचार करीत असल्यासारखा आवाराच्या चारी कोपऱ्यांकडे पाहत राहिलो. बैलांनी मात्र तोवर एक पाय आत टाकला होता.